सौम्य निर्जलीकरण आणि मनःस्थिती

घाम, लघवी व श्वास यांवाटे गेलेले पाणी वेळेवर भरून न निघाल्यामुळे शरीराचे वजन सु. १ ते २ टक्क्यांनी घटण्याच्या अवस्थेस सौम्य निर्जलीकरण म्हणतात. या अवस्थेत थकवा, चिडचिड, बेचैनी व डोकेदुखी जाणवते. मात्र त्याचा दोष बहुधा जागरणाला किंवा कामाच्या ताणाला दिला जातो.

शरीरातील नियंत्रण : प्रौढ माणसाच्या वजनात सु. ६० टक्के पाणी असते. रक्तातील क्षारांची तीव्रता वाढताच मेंदूच्या अधोथॅलॅमस भागातील संवेदी पेशी ते टिपतात. तहान लागते आणि पोष ग्रंथीतून व्हॅसोप्रेसीन हे हॉर्मोन रक्तात सोडले जाते. त्याच्या प्रभावाने मूत्रपिंडे पाणी राखून ठेवतात. लघवी कमी व गडद पिवळी होते.

संशोधन : अमेरिकेतील कनेक्टिकट विद्यापीठाने निरोगी तरुणतरुणींवर केलेले प्रयोग २०११ व २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. वजनात सु. १.४ टक्के घट झालेल्या तरुणींची मनःस्थिती खालावली, एकाग्रता कमी झाली व नेहमीचे काम अवघड वाटू लागले. बहुतेक बौद्धिक चाचण्यांतील कामगिरी मात्र टिकून राहिली. तरुणांमध्ये थकवा व ताण वाढला, तसेच सतर्कतेच्या चाचणीत चुका वाढल्या. फ्रान्समधील २०१४ च्या अभ्यासात भरपूर पाणी पिणाऱ्यांना दिवसाला १ लिटरवर ठेवले असता त्यांचा शांतपणा, समाधान व उत्साह घटला. कमी पिणाऱ्यांना २.५ लिटर पाणी दिल्यावर त्यांचा थकवा व गोंधळलेपणा कमी झाला. हे परिणाम दैनंदिन मनःस्थितीपुरते आहेत. नैराश्यासारख्या आजारावर पाणी हा उपचार नव्हे.

प्रमाण : युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये प्रौढ स्त्रियांसाठी २ व पुरुषांसाठी २.५ लिटर हे दैनिक प्रमाण पुरेसे ठरवले. त्यात भाजी, आमटी, फळे, ताक, चहा यांतील पाणीही धरले जाते. विदर्भातील उन्हाळ्यात शेतावर किंवा बांधकामावर राबणाऱ्यांची गरज याहून बरीच जास्त असते. वृद्धांना तहान कमी जाणवते, म्हणून त्यांना आठवणीने पाणी द्यावे. थोड्या वेळात अतोनात पाणी पिणेही घातक आहे. त्यामुळे रक्तातील सोडियम फार घटल्यास संभ्रम व झटके येऊ शकतात. हृदय व मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांनी सांगितलेली मर्यादा पाळावी.

सामाजिक बाजू : स्वच्छतागृह नसल्यामुळे अनेक मुली शाळेत, तर स्त्रिया कामावर व प्रवासात मुद्दाम पाणी टाळतात. सार्वजनिक ठिकाणी स्त्रियांना मोफत व स्वच्छ मुताऱ्या मिळाव्यात, यासाठी मुंबईत ‘राइट टू पी’ ही चळवळ उभी राहिली. पुरेसे पाणी पिण्याचा सल्ला अमलात यायचा, तर पाणपोईइतकीच स्वच्छतागृहाची सोय आवश्यक आहे.