मशिदीचे दुकान, भाडे आणि अमानत

जळगाव असो की धुळे, मशिदीच्या दुकानाचा करारनामा संपत आला की कमिटीत एकच प्रश्न निघतो: भाडे किती वाढवायचे? एक जण म्हणतो, "जाऊ द्या, गरीब माणूस आहे, आपलाच भाऊ आहे." दुसरा म्हणतो, "शेजारी तिप्पट भाडे चालू आहे. इमामसाहेबांचा पगार कुठून द्यायचा?" दोघांचीही नियत साफ असते. प्रश्न मात्र शेकडो वर्षे जुना आहे.

नंतरच्या काळातील हनफी फकीहांनी वक्फचे घर किंवा दुकान एका वेळी एक वर्षापेक्षा आणि शेती तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने देऊ नये, असे मत मांडले. कारण व्यवहाराचे होते. मुदत लांबली की लोक भाडेकरूलाच मालक समजू लागतात. भाड्याचे माप त्यांनी 'उजरत-ए-मिस्ल' ठरवले, म्हणजे तशाच जागेला त्या भागात जे मिळते ते. स्वतःच्या दुकानाचे भाडे मालक सोडू शकतो, ती त्याची सखावत. मुतवल्लीला तो अधिकार नाही, कारण तो अमीन आहे. 1995 च्या वक्फ कायद्यातही तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा रद्दबातल होता. 2013 च्या दुरुस्तीने ही मर्यादा 30 वर्षांवर नेली.

भाडे गोठवले की काय होते, हे आपल्या राज्याने पाहिले आहे. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाणित भाडे 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीशी बांधले. महागाईच्या दिवसांत भाडेकरू वाचला, पण इमारती जीर्ण झाल्या आणि पागडी बोकाळली. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे गोठवणे अवाजवी ठरवले. मग 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. तो 31 मार्च 2000 पासून लागू झाला आणि त्यात दरवर्षी 4 टक्के वाढीची सोय झाली.

उलटे टोक जळगावकरांनी पाहिले. महापालिकाही नागरिकांच्या मालमत्तेची एक प्रकारे मुतवल्लीच. तिच्या व्यापारी संकुलांतील शेकडो गाळ्यांची मुदत 2012 मध्ये संपली. पुढे रेडी रेकनरच्या दराने भाडे आणि त्यावर दंडाची मागणी आली. मोर्चे निघाले, प्रकरण न्यायालयात गेले आणि वाद वर्षानुवर्षे चालला. वर्षानुवर्षे थोडके भाडे भरून ज्याचा संसार बसलेला असतो, त्याला एकदम बाजारभाव सांगणे म्हणजे त्याला उठवण्यासारखेच. तिजोरीचे नुकसान झाले, दुकानदाराची झोपही गेली.

हिशेब साधा आहे. 1000 रुपये भाडे दरवर्षी 4 टक्क्यांनी वाढले तर दहा वर्षांत सुमारे 1480 होते, दुकानदाराला फार जाणवतही नाही. तेच 480 रुपये एका दिवशी मागितले की भांडण होते. हा आकडा वक्फच्या प्रत्येक दुकानाला जसाच्या तसा लागेल असे नाही, पण रीत घेण्यासारखी आहे. आजूबाजूचे भाडे विचारा. दरवर्षीची वाढ आधीच करारात लिहा. जुने भाडे फारच मागे पडले असेल तर दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने वर आणा.

आणि दुकानदार खरोखर अडचणीत असेल तर? त्याला जरूर मदत करा, पण आपल्या खिशातून. भाडे सोडून केलेली मेहरबानी आपल्या नावावर होते आणि तिचे पैसे मशिदीचे जातात.