गाडीवानाचा उजवा हात

जुन्या लढाया टेबलावर मांडून खेळण्याचा छंद युरोपात फार जुना. उतारवयात मलाही तो नाद लागला. वॉटर्लूच्या मांडणीसाठी नेपोलियनची घोडागाडी हवी होती. मी डाकगाडीची धातूची प्रतिकृती घेतली. तिच्यावरचा माणूस जेमतेम इंचभर. मूळ गाडीत बिछाना होता, लिहायचे मेज होते. म्हणून पुढच्या बाजूला पुठ्ठ्याचा फुगवटा जोडला. अंगाला गडद निळा रंग, त्यावर सोनेरी वेलपट्टी, चाके शेंदरी.

ती गाडी १८ जून १८१५च्या रात्री जेनाप गावात प्रशियन सैनिकांनी पकडली. नेपोलियन निसटला. गाडीवान जाँ हॉर्न सापडला, उजवा हात गमावून बसला. १८१६ साली लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये विल्यम बुलकने गाडी तिकीट लावून दाखवली आणि तिच्याबरोबर हा थोटा गाडीवानही! गाडी पुढे मादाम तुसाँच्या संग्रहालयात गेली, १९२५च्या आगीत जळाली.

माझे वडील टांगा हाकीत, त्यामुळे माझी नजर सम्राटाआधी गाडीवानाकडे जाते. प्रतिकृतीतल्या गाडीवानाने उजव्या हाताने चाबूक उगारला होता. बिथरलेल्या घोड्यांवर चाबूक कोण उगारील? तो हात मी पात्याने कापला, वळवून पुन्हा चिकटवला. आता दोन्ही मुठींत लगाम आहेत. माझ्या टेबलावर अजून संध्याकाळ आहे, जेनाप यायचे आहे.