आंबोलीच्या रानातला आवाज

निवडणुकीचे निकाल लागू लागले की दूरदर्शनचे आणि खासगी वाहिन्यांचे राजकीय वार्ताहर पणजीहून बोलू लागतात, आणि पेडणे-डिचोलीतील माणसे हातात ताट घेऊन पडद्यासमोर बसतात. या मंडळींचे गोव्यातले पूर्वसूरी कोण? इतिहासाचा शिक्षक म्हणून मला ते एका रानात, ट्रकमधल्या ध्वनिक्षेपकापुढे बसलेले दिसतात.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडण्याच्या वेशीवर, पत्रादेवीला, पोर्तुगिजांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. पाठोपाठ हद्द बंद झाली. सावंतवाडी-बांद्याकडच्या सोयऱ्याधायऱ्यांची खुशालीही कळेना. गोव्यात छापलेल्या शब्दावर सेन्सॉरची कात्री होतीच. सालाझारचे सरकार सांगेल तेवढेच खरे!

अशा वेळी, २५ नोव्हेंबर १९५५ रोजी, आंबोलीच्या जंगलातून ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ हे गुप्त नभोवाणी केंद्र सुरू झाले. (१५१० साली आल्बुकेर्कने गोवा घेतला, तो याच तारखेला.) वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे तरुण-तरुणी ते चालवीत. आरंभी निकोलाऊ मिनेझिसही सोबत होते. पुढे केंद्र कॅसलरॉकला हलले. वन्य जनावरे, पावसाळा, एकांतवास यांना तोंड देत दोघांनी सहा वर्षे काढली. पोर्तुगीज प्रचाराचे खंडन, दिल्लीतील घडामोडी, आफ्रिकेतील वसाहतींचे लढे हे सारे ते रोज सांगत.

भाषा मुख्यतः कोकणी आणि पोर्तुगीज. मराठीत का नाही, असे आमच्या वाचकास वाटेल. आमच्या घरची पोथी मराठीत, पत्र मराठीत, हे खरेच. पण रेडिओ हे कानाचे काम. चुलीपाशी जी बोली चालते तीत सांगितलेली बातमी न शिकलेल्या आजीलाही समजते, आणि पोर्तुगीज भाषेतली थेट सत्ताधाऱ्याच्या कानी पडते. मला ही निवड शहाणपणाची वाटते. भाषावादात आपण पुढे एवढी वर्षे घालवली, म्हणून मुद्दाम लिहितो.

डिसेंबर १९६१ मध्ये संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांचा शरणागतीचा संदेश गव्हर्नर जनरलसाठी याच केंद्रावरून दिला गेला. लवकरच दोडामार्गाकडून सैन्य उतरले. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला, तेव्हा ही दोघे लष्करी विमानात बसली आणि ध्वनिवर्धकावरून गोव्यावर ती बातमी सांगत फिरली. सहा वर्षे ज्यांचे फक्त आवाज होते, ते आता डोक्यावरून बोलत होते. वार्ताहराच्या नशिबी अशी बातमी क्वचितच येते!

१९६४ मध्ये दोघांचा विवाह झाला. लिबियाबाई गोव्याच्या पर्यटन खात्याच्या पहिल्या संचालक झाल्या. वामनरावांना पद्मश्री मिळाली १९९२ साली. त्याच ध्वनिक्षेपकापुढे बसलेल्या लिबियाबाईंना ती २०२५ साली जाहीर झाली, वयाच्या शंभराव्या वर्षी. मधली तेहेतीस वर्षे सरकारला कोणता आवाज ऐकू येत नव्हता, हे मात्र वाचकांनीच ठरवावे.