रुग्णांच्या भेटीला मांजर : पद्धत, नियम आणि मर्यादा

नोएडा : रुग्णालयातील रुग्णांना किंवा वृद्धाश्रमातील ज्येष्ठांना सोबत देण्यासाठी पालकासह नियमित भेटीस जाणाऱ्या मांजराला ‘थेरपी मांजर’ म्हणतात. येथे प्रशिक्षण मांजरापेक्षा पालकाचेच अधिक होते. मांजराचा स्वभाव केवळ पारखून घ्यावा लागतो.

अमेरिकेतील ‘पेट पार्टनर्स’ संस्था अशा कामासाठी नऊ प्रकारच्या प्राण्यांची नोंदणी करते. त्यांत मांजराचा समावेश आहे. मांजराचे वय किमान एक वर्ष असावे आणि त्याला कच्चे मांस खाऊ घालू नये, अशा तिच्या अटी आहेत. मरणासन्न रुग्णांजवळ जाऊन बसणारा ऱ्होड आयलंडमधील ऑस्कर बोका २००७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधील लेखामुळे जगभर प्रसिद्ध झाला, मात्र तो त्या शुश्रूषागृहातच राहत असे.

वैद्यकीय वर्तुळात याबाबत एकमत नाही. रुग्णालयातील संसर्गाचा अभ्यास करणाऱ्या ‘शिया’ या अमेरिकी संस्थेने २०१५ मध्ये अशा भेटींसाठी केवळ कुत्र्यांची शिफारस केली. मांजराला खात्रीलायक प्रशिक्षण देता येत नाही, हा तिचा प्रमुख आक्षेप. ओरखडे व ॲलर्जी हे धोकेही आहेतच. प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णाच्या बाबतीत हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही.

भारतात मिनल कविश्वर यांच्या मुंबईतील ‘ॲनिमल एंजल्स फाउंडेशन’ने ही उपचारपद्धती रुजवली, तीही प्रामुख्याने कुत्र्यांच्या साह्याने. नोएडा प्राधिकरणाच्या २०२२ च्या धोरणानुसार पाळीव मांजराची नोंदणी बंधनकारक आहे. परंतु ही नोंदणी म्हणजे रुग्णकक्षात प्रवेशाचा परवाना नव्हे. ती परवानगी रुग्णालयाकडूनच घ्यावी लागते.