चूड, बॅटरी आणि एलईडी

गेल्या गणपतीत मालवणजवळच्या आमच्या गावी नवीकोरी टॅक्टिकल टॉर्च घेऊन गेलो. झोत थेट माडाच्या शेंड्यापर्यंत! आजी शांतपणे म्हणाली, "माडार फुरसां नसता रे, पायाकडे बघ."

तिच्या लहानपणी दशावतार बघून परतताना हातात चूड असायची, म्हणजे सुक्या झावळांची पेटती जुडी. मग घरात पितळी बॅटरी आली (गावात टॉर्चला बॅटरीच म्हणतात). अमेरिकेत डेव्हिड मिसेल यांना तिचं पेटंट १८९९ साली मिळालं. तेव्हाचे सेल इतके अशक्त, की दिवा क्षणभरच लावायचा, म्हणून नाव पडलं 'फ्लॅशलाइट'! जपानच्या शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये प्रखर निळा एलईडी आणला. त्यावर पिवळा फॉस्फर चढवला की पांढरा उजेड. निळ्या एलईडीसाठी त्यांना, अकासाकी आणि अमानो यांना २०१४ चं नोबेल मिळालं.

असो. चूड पायांभोवती गोल उजेड पाडायची, माझी टॉर्च लांबवर एक ठिपका पाडते. आणि पाणंदीतलं तपकिरी फुरसं असतं हातभर अंतरावर, जांभ्याच्या रंगात मिसळलेलं. आता टॉर्च घेताना ल्युमेन नंतर बघतो, आधी उजेड किती पसरतो ते. रिक्वायरमेंट आजीने पहिल्याच दिवशी बरोबर सांगितली होती!