जिव्या सोमा म्हसे आणि वारली चित्रकलेचें स्थित्यंतर

आमच्याकडील इतिहाससंशोधनाची भिस्त आजवर मुख्यतः लेखी कागदांवर राहिली आहे. सनद, महजर, बखर, पत्रव्यवहार यांपैकीं कांहीं हातीं लागल्याखेरीज एखाद्या पुरुषाचें चरित्र लिहावयास घेणें हें धाडसाचें समजलें जातें, आणि सामान्यतः तें योग्यहि आहे. परंतु ज्या समाजाची स्वतःची लिपि नाहीं व ज्याच्या हातीं इतरांची लिपि अलीकडेपर्यंत पडूं दिली गेली नाहीं, त्या समाजांतील कर्त्या माणसांचा इतिहास या नियमानें कधींच लिहिला जाणार नाहीं. अशा समाजांतील माणसाचें नांव जुन्या कागदांत सांपडलेंच तर तें बहुधा सावकाराच्या वहींत सांपडावयाचें, आणि तेंहि कर्जदार म्हणून. तेव्हां अशा ठिकाणीं दुसरें कोणतें साधन ग्राह्य धरावयाचें, हा प्रश्न संशोधकांपुढें येतोच.

प्रस्तुत लेखांत आम्ही या दृष्टीनें जिव्या सोमा म्हसे या वारली चित्रकाराचा विचार करणार आहों. म्हसे यांचा जन्म १९३४ सालीं तलासरी तालुक्यांतील धामणगांव येथें झाला, आणि १५ मे २०१८ रोजीं डहाणू तालुक्यांतील गंजाड येथें त्यांचें देहावसान झालें. त्यांनीं रोजनिशी लिहिली नाहीं. त्यांचीं चित्रें हेंच त्यांच्या चरित्राचें पहिलें साधन होय. परंपरेकडून त्यांस काय मिळालें, त्यांनीं स्वतः त्यांत काय घातलें, आणि या देवघेवींत त्यांच्या समाजाचा लाभ कोणता व हानि कोणती झाली, या तीन प्रश्नांपुरता हा लेख मर्यादित आहे.

प्रथम देशस्थितीकडे पाहूं. डहाणू व तलासरी हे तालुके पूर्वी ठाणें जिल्ह्यांत मोडत. १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यांत आले. पश्चिमेस समुद्रकांठची वाड्यांची पट्टी आणि आगगाडीचा रस्ता, व पूर्वेस सह्याद्रीच्या फांट्यांकडे चढत गेलेला जंगलाचा मुलूख, असे या प्रदेशाचे दोन भाग पडतात. वारल्यांचे पाडे मुख्यतः या दुसऱ्या भागांत आहेत. राब भाजणें, पेरणी, आषाढांतील भाताची लावणी, उतारावरील नागली व वरी, कापणी, आणि मग लग्नसराई, असा त्यांच्या वर्षाचा क्रम असतो. भात पिकूं लागलें कीं तारपा वाजूं लागतो. दुधी भोपळा व बांबूच्या नळ्या यांचें हें लांब वाद्य वाजविणारा मध्यें उभा राहतो आणि त्याच्याभोंवतीं स्त्रीपुरुष हातांत हात गुंफून फेर धरतात. कणसरी ही धान्याची देवता, व वाघदेव हा रानाचा. हें सर्व येथें सांगण्याचें कारण असें कीं, म्हसे यांच्या चित्रांत या यादीबाहेरचें फार थोडें आहे.

परंतु या वर्षक्रमाला दुसरीहि एक बाजू होती. जमीन बहुतेक ठिकाणीं कसणाराची राहिली नव्हती. ती जमीनदार व सावकार यांच्या हातीं गेली होती. मुंबई सरकारनें नेमलेले अधिकारी सिमिंग्टन यांच्या १९३९ सालच्या अहवालांत येथील वेठीचें व आदिवासींच्या पिळवणुकीचें वर्णन आलें आहे. त्यांतील सर्वांत दारुण प्रकार ‘लग्नगडी’ या नांवानें ओळखला जाई. लग्नाच्या खर्चाकरितां तरुणानें सावकाराकडून कर्ज काढावें, आणि तें फेडण्याकरितां नवराबायकोनें त्याच्या घरीं व शेतीं वर्षानुवर्षें राबावें, अशी ही पद्धति होती. वारली चित्रकलेचा उगम लग्नाच्या भिंतींत आहे असें आपण म्हणतों, तेव्हां हेंहि ध्यानांत ठेविलें पाहिजे कीं ज्या लग्नासाठीं ती भिंत रंगविली जाई, त्याच लग्नापायीं अनेक जोडपीं गहाण पडत असत. २३ मे १९४५ रोजीं तलासरी भागांतील झरी येथें गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या पुढाकारानें वारल्यांची परिषद भरली, व वेठ करावयाची नाहीं असा निश्चय झाला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत तलवाडा येथें पोलिसांनीं गोळीबार केला आणि त्यांत पांच आदिवासी मरण पावले. म्हसे हे धामणगांवाहून डहाणू तालुक्यांतील कळंबीपाड्यास आले ते आपल्या वयाच्या अकराव्या वर्षीं, म्हणजे याच सुमारास होय.

आतां परंपरेचा विचार करूं. वारल्यांमध्यें लग्नाच्या वेळीं घराच्या आंतील भिंतीवर चौक ‘लिहितात’. कारवीच्या कुडावर माती व शेण यांचा लेप देऊन त्यावर गेरूचा हात फिरवितात, आणि तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या द्रवांत बांबूची काडी टोंकाशीं चावून, कुंचल्यासारखी करून बुडवितात. चौकाच्या मध्यभागीं पालघाट देवी असते. तिच्या आजूबाजूस सूर्य, चंद्र, फणी, शिडी, झाडें व नाचणारे लोक असतात. लहान अशा देवचौकांत पंचशिऱ्या देव असतो. हें काम सवासिनींचें, आणि विधि चालविणारी धवलेरी ही देखील स्त्रीच. चौकावांचून लग्न लागत नाहीं. येथें दोन गोष्टी विशेष लक्षांत घ्यावयाच्या. एक, हें चित्र पाहण्याकरितां काढलेलें नसून देवीनें येऊन बसावें म्हणून काढलेलें असतें. तिचें येणें झालें कीं त्याचें कार्य संपतें, व पुढें तें सारवणाखालीं जातें. दुसरी, त्यावर कोणाचेंहि नांव नसतें. माणसाची आकृति दोन त्रिकोण टोंकास टोंक लावून करावयाची, ही जी खूण आज जगभर वारली म्हणून ओळखली जाते, ती अशा अनामिक स्त्रियांची मिळकत आहे. ती म्हसे यांची नव्हे.

मग एक पुरुष या कामाकडे कसा वळला? त्यांच्या चरित्राची जी हकीकत प्रसिद्ध आहे तीवरून असें दिसतें कीं, सातव्या वर्षीं आई वारल्यावर या मुलाचें बोलणेंच बंद पडलें. कित्येक वर्षें तो जें सांगावयाचें तें जमिनीवरील धुळींत आकृति काढून सांगत असे. ही हकीकत आम्ही येथें करुणरसाकरितां देत नाहीं. विधीकरितां चित्र काढणें निराळें आणि जें सांगावयाचें तें चित्रानें सांगणें निराळें. सवासिनींची रेषा देवीला बोलाविण्यासाठीं होती. या मुलाची रेषा शेजाऱ्याला कांहीं कळविण्यासाठीं होती. भाषा तीच, परंतु तिचें प्रयोजन बदललें. पुढें तीस वर्षांनीं जें घडलें त्याचें बीज या फरकांत आहे असें आमचें मत आहे.

सन १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत भास्कर कुळकर्णी हे चित्रकार या भागांत आले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची परंपरा त्यांच्या पाठीशीं होती. बिहारांत १९६६-६७ च्या दुष्काळांत पुपुल जयकर यांच्या योजनेनुसार मिथिलेंतील स्त्रियांना भिंतीऐवजीं कागदावर चित्रें काढावयास देणारे ते हेच. गंजाडकडे त्यांनीं तोच प्रयोग केला व कागद आणि पांढरा रंग वांटला. येथें त्यांची गांठ म्हसे यांच्याशीं पडली. लग्न नसतांना, देवीचें आवाहन नसतांना, केवळ मनाच्या ओढीनें चित्र काढणारा मनुष्य त्यांस येथें आयताच सांपडला. १९७५ सालीं मुंबईच्या केमोल्ड दालनांत म्हसे यांच्या चित्रांचें प्रदर्शन भरलें, आणि १९७६ सालीं त्यांस राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच वर्षीं फ्रान्समधील मेंतों येथेंहि त्यांचीं चित्रें मांडलीं गेलीं. चौकाचें चित्र शतकानुशतकें एका घराच्या भिंतीबाहेर गेलें नव्हतें. तें एका वर्षांत समुद्रापलीकडे गेलें.

कुळकर्णी यांनीं म्हसे यांस निर्माण केलें असें कांहीं लोक म्हणतात, तें आम्हांस मान्य नाहीं. कागद वांटणाराला रेषा वांटतां येत नाहीं. म्हसे यांनीं स्वतः काय केलें तें चित्रांवरूनच पाहावें. चौकाला चहूंबाजूंनीं नक्षीची चौकट असते व सर्व कांहीं मध्यें बसलेल्या देवीकडे तोंड करून असतें. म्हसे यांनीं ही चौकट मोडली. त्यांच्या कागदावर मध्य एक राहिला नाहीं. तारप्याचा फेर वेटोळें घेत घेत वाढतो, मुंग्यांची रांग झाडावर चढते, बैल, पांखरें, मळणी करणारे, पाण्यास जाणाऱ्या, असे सर्व आपापल्या कामांत गुंतलेले असतात. कथा सांगावयाची तर तिचे प्रसंग एकाच पटावर शेजारीं शेजारीं येतात. त्यांच्या चित्रांतील मासेमारीचें जाळें तर प्रसिद्धच आहे. त्यांत बारीक पांढऱ्या रेषांचे असंख्य डोळे मिळून सर्व पट व्यापतात, आणि धीवर व मासे त्यांतून हळूहळू दृष्टीस पडतात. रेषा एकसंध न ओढतां बारीक तुटक घावांनीं ती कांपती ठेवणें, हा त्यांचा विशेष होय. साधनें मात्र घरचींच राहिलीं. कापडावर वा कागदावर शेणाचा हात देऊन भिंतीचाच पोत त्यांनीं तेथें आणिला. पिठाच्या जागीं बाजारचा पांढरा रंग आला एवढेंच. पांढऱ्यावांचून दुसऱ्या रंगाचा मोह त्यांच्या चित्रांस फारसा झाला नाहीं.

यापुढील त्यांचा काळ बाहेरून पाहतां सतत उत्कर्षाचा दिसतो. १९८९ सालीं पॅरिस येथें ‘पृथ्वीवरील जादूगार’ या अर्थाच्या नांवाचें जें मोठें प्रदर्शन झालें, त्यांत नाणावलेल्या युरोपीय चित्रकारांबरोबर त्यांचीं चित्रें होतीं. २००२ सालीं त्यांस शिल्पगुरु ही पदवी मिळाली. २००३ सालीं जर्मनींतील ड्यूसेलडोर्फ येथें इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग व म्हसे यांच्या कृति एकत्र मांडल्या गेल्या. लाँग हा पायीं हिंडून, माती व दगड यांनीं वर्तुळें आंखणारा मनुष्य. तो त्याच वर्षीं वारली मुलुखांतहि येऊन गेला. पुढें २००९ सालीं नेदरलंड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार व २०११ सालीं पद्मश्री हे मान म्हसे यांस मिळाले. परंतु या तारखांच्या मधल्या वर्षांत काय होतें? शेती होती, पाडा होता, पाऊस होता. इतकी कीर्ति झाल्यावरहि हा मनुष्य मुंबईस जाऊन राहिला नाहीं. घराण्याच्या कीर्तीपेक्षां कुणब्याचा वर्षक्रमच त्याच्या कामाचा आधार होता. सदाशिव व बाळू हे त्यांचे पुत्रहि चित्रकार झाले, म्हणजे जी विद्या सासूकडून सुनेकडे व आईकडून मुलीकडे जात असे ती बापाकडून मुलाकडे जाऊं लागली.

येथेंच आमचा तिसरा प्रश्न उपस्थित होतो. लाभ उघड आहे. ज्या पाड्यांत रोख पैसा फक्त मजुरीनें व कर्जानें येत असे तेथें तो चित्रानें येऊं लागला, आणि आपली कला दाखविण्यासारखी आहे हा विश्वास एका दबलेल्या समाजास आला. हानीचेहि दोन प्रकार सांगितले पाहिजेत. पहिला असा कीं, खप वाढला तसा तारप्याचा फेर पिशव्या, पेले व परसदारच्या भिंती यांवर उमटूं लागला, व काढणारा वारली असो वा नसो, त्रिकोण जुळले कीं झालें अशी स्थिति आली. २०१४ सालीं वारली चित्रकलेस भौगोलिक निर्देशनाचें संरक्षण मिळालें, तें या अनिर्बंध नकलेस आळा बसावा याच हेतूनें. दुसरी हानि कमी बोलली जाते, परंतु आमच्या मतें ती अधिक मोठी आहे. चित्राला नांव मिळालें तें पुरुषांच्या हातीं तें आल्यावर. ज्या स्त्रियांनीं ही भाषा घडविली त्यांतील फारच थोड्या नांवानिशीं पुढें आल्या. यशोधरा डालमिया यांनीं १९८८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत चौकाचा व त्याच्या विधीचा साक्षेपानें विचार केला आहे, के. जे. सावे यांचा वारल्यांवरील ग्रंथ तर १९४५ सालचा आहे. तथापि पाड्यापाड्यांतून कोणीं कोणता चौक लिहिला याची नोंद व्हावी तशी झालेली नाहीं.

या दोषाचें खापर म्हसे यांच्या माथीं फोडणें अन्यायाचें होईल. त्यांनीं स्त्रियांचा हक्क हिरावला नाहीं. विधि जेथें होता तेथेंच ठेवून त्यांनीं त्याच्या बाजूस दुसरी एक वाट पाडली. लग्नाच्या भिंतीवर देवी येते, ती कागदावर बोलवावयाची नाहीं, हा विवेक त्यांच्या शेतकामाच्या व नाचाच्या चित्रांत दिसतो. आमचा निष्कर्ष थोडक्यांत असा: वारली चित्रकलेचें स्थित्यंतर हें भिंतीकडून कागदाकडे झालेलें नसून विधीकडून वृत्तांताकडे झालेलें आहे, आणि तें घडवून आणणारा पुरुष जिव्या सोमा म्हसे हा होय. सावकाराच्या वहींत ज्यांचा संसार केवळ आंकड्यांनीं उतरला होता, त्यांचा संसार त्यानें पेरणीपासून मळणीपर्यंत त्यांच्याच लिपींत लिहून ठेविला. उत्तर कोंकणच्या विसाव्या शतकाचा इतिहास लिहितांना हीं चित्रें शोभेकरितां नव्हे तर साधन म्हणून तपासलीं गेलीं पाहिजेत.

गेलेल्या पिढ्यांतील सवासिनींचीं नांवें आतां मिळावयाचीं नाहींत. परंतु आज डहाणू व तलासरी तालुक्यांत ज्या स्त्रिया लग्नाचा चौक लिहितात त्यांचीं नांवें, त्यांचे पाडे, त्यांस हें कोणीं शिकविलें, व चौकांतील कोणत्या आकृतीस त्या काय म्हणतात, हें त्यांच्या संमतीनें टिपून ठेवणें अद्याप शक्य आहे. कुडाच्या भिंती जाऊन विटांच्या येत आहेत. तेव्हां हें काम लांबणीवर टाकण्यासारखें नाहीं. त्या भागांत राहणाऱ्या सभासदांनीं येत्या लग्नसराईपासून तें हातीं घ्यावें, अशी आमची त्यांस विनंति आहे.