रुळाची सत्ता आणि इंजिनाचं नाव

हुपरीत बोलायचं आणि चांदीचा विषय काढायचा नाही, हे कसं जमेल? मॉडेल रेल्वेचे चांगले रूळ ज्या धातूचे असतात त्याला 'निकेल सिल्व्हर' म्हणतात. त्यात चांदी गुंजभरही नसते. तांबं, निकेल आणि जस्त असतं. तुम्ही त्याला जर्मन सिल्व्हर म्हणता आणि लांबूनच ओळखता. (हशा) आजची गोष्ट मात्र या रुळांतून वाहणाऱ्या विजेची आहे.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ पासून खुलं आहे. ते पाहताना मला प्रश्न पडला होता: इतक्या गाड्यांतली एकच थांबवायची तर कशी?

जुन्या पद्धतीत हुकूम रुळाला दिला जायचा. दाब वाढवला की गाडी वेगात, धन-ऋण उलटं केलं की गाडी मागे. त्या रुळावर दोन इंजिनं असली तर दोन्ही एकदम हलणार. म्हणून रूळ कापून त्याचे तुकडे, म्हणजे 'ब्लॉक' करायचे, प्रत्येकाला वेगळी तार आणि वेगळं बटण. इंजिनाला स्वातंत्र्य हवं, तर जमिनीची वाटणी करा!

ही वाटणी टाळायचा एक प्रयत्न अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकनं १९६३ साली 'अ‍ॅस्ट्रॅक' नावानं केला. पुढे जर्मनीतल्या लेन्झ कंपनीची पद्धत पायाभूत धरून अमेरिकेच्या 'नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन'नं १९९०च्या दशकात सर्वांसाठी एक मानक ठरवलं. तेच डीसीसी.

यात रुळांत पूर्ण दाब कायम असतो, फक्त त्याची दिशा सतत उलटत राहते. उलटण्यातलं अंतर ५८ मायक्रोसेकंद असेल तर 'एक', १०० किंवा जास्त असेल तर 'शून्य'. या एक-शून्यांतून इंजिनाचा क्रमांक, हुकूम आणि चूक तपासायचा आकडा जातो. वर्गातली हजेरीच ही. नाव सगळे ऐकतात, 'हजर' एकच म्हणतो. एखाद्याला ऐकू गेलं नसेल म्हणून हुकूम पुन्हापुन्हा पुकारला जातो.

मग लोक म्हणू लागले, आता दोनच तारा पुरे. मीही भुललो. माझ्या फळीवर एका टोकाला दोन बारीक तारा जोडल्या आणि पुढचा भार रुळांच्या सांध्यांवर टाकला. एकदा लांबच्या वळणावर डबा घसरला, दोन रूळ एकमेकांना भिडले. वीज तोडणारं यंत्र तुटायला हवं होतं. पण बारीक तारा आणि सैल सांधे यांच्या अडथळ्यामुळे प्रवाह तेवढा वाढलाच नाही. यंत्राला वाटलं, गाडीच चालू आहे. तोवर डब्याचं प्लास्टिक वितळलं.

म्हणून फळीखालून जाड तारांची एक जोडी फिरवायची, दर काही फुटांवर तिच्यातून छोट्या तारा वर काढून रुळाला सोल्डर करायच्या. बाहेरचा रूळ लाल, आतला काळा, हे कुठेही बदलायचं नाही. शेवटी रुळांवर ठिकठिकाणी नाणं आडवं ठेवायचं. दरवेळी वीज तत्काळ तुटली, तरच जोडणी खरी.

तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस यात काय पाहतो? ब्लॉक गेले तेव्हा इंजिनाला स्वातंत्र्य मिळालं, त्यात समोरून धडकण्याचंही आलं. १८९१ पासून आपल्या मिरज-कोल्हापूर मार्गावर प्रत्येक इंजिनाला स्वतःचा चालक आहे. खरं इंजिन पहिल्यापासून स्वतंत्रच. म्हणूनच रेल्वेचा जुना दंडक: एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी. डीसीसी वापरणारेही आता फळीचे पुन्हा टप्पे पाडतात. पण हुकूम सोडायला नव्हे, तर कोणती गाडी कुठे आहे हे कळावं आणि एकीच्या बिघाडानं सगळ्या थांबू नयेत म्हणून.

तार कमी झाली नाही, तिचं काम बदललं. आधी ती मालक होती, आता साक्षीदार आहे. स्वातंत्र्य वाढलं की साक्षीदार जास्त लागतात, एवढंच मला या फळीनं शिकवलं. प्रश्न असतील तर घेऊ.